शेत वर्षभर बदलतं, मग कापडावर काय धरून ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरजवळच्या राऊच्या पुढे राहणाऱ्या एकांच्या गच्चीवरून शेत दिसतं. वर्षभर त्यांनी त्याचे फोटो काढले आणि आता त्यावरून भिंतीवर टांगायचं मोठं कापडी काम करायला घेतलंय. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि वसंत असे चार चौकोन, तुकडे जोडून केलेले, वरून भरतकाम. दोन चौकोन झाल्यावर ‘हे तर बँकेच्या कॅलेंडरसारखं दिसतंय’ म्हणून काम थांबलंय. कापड कोणतं घ्यावं, रंग नैसर्गिक असावेत का, टाके कोणते घालावेत, असं त्यांनी विचारलंय. शिवाय त्या शेतात आता प्लॉट पडणार आहेत, तर ते दाखवावं की टाळावं?

मी इंदुरात बरीच वर्षं गोधड्या आणि भिंतीवरची कापडी कामं करते, शिकवतेही. कापड-टाक्यांचं पुढे सांगतेच, पण तुमची अडचण तिथे नाही. तुम्ही चार वेगवेगळी चित्रं करताय. प्रत्येक चौकोन आपापल्या जागी पूर्ण आहे, त्याला शेजारच्या चौकोनाची गरजच नाही. मग बघणारा एक बघतो, दुसरा बघतो आणि पुढे जातो. बदल कुठे दिसलाच नाही, फक्त चार अवस्था दिसल्या. बदल दिसायचा असेल तर काहीतरी जागचं हलता कामा नये. ते काय, हे आधी ठरवा. कापडाच्या दुकानात त्यानंतर जा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. काम कुठल्या भिंतीवर जाणार, तिथे थेट ऊन येतं का, बघणारा चार हातांवरून बघणार की दारातून, तुम्ही हाताने शिवणार की मशीनवर, आणि हे संपवायची घाई किती आहे. ऊन येत असेल तर रंगांबद्दलचं माझं निम्मं म्हणणं बदलतं, ते तिथे सांगेन.

आता ‘चार ऋतू’ हा आराखडा. तो शाळेच्या पुस्तकातला आहे, तुमच्या गच्चीवरचा नाही. माळव्यातलं शेत नीट बघा. मे महिन्यात जमीन उघडी, राखाडी, भेगाळलेली. जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की तीच जमीन एका दिवसात गडद काळी होते. मग सोयाबीन, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नजर जाईल तिथवर एकच सपाट हिरवा. सप्टेंबरच्या शेवटी पानं पिवळी पडून गळतात, तपकिरी शेंगांच्या काड्या उरतात. ऑक्टोबरात पीक निघालं, वखर फिरला की परत काळी, या वेळी ढेकळांची. मग गहू किंवा हरभरा, जानेवारीतला दमट हिरवा, मार्चमधलं सोनं, कापणीनंतर पिवळट नरवाई, म्हणजे उरलेले खुंट, आणि एप्रिलमध्ये कुणी ती पेटवली (मनाई असली तरी पेटवतातच) की पुन्हा काळी. म्हणजे एका वर्षात काळी जमीन चार वेळा वर येते आणि चारही वेळा वेगळी: सुकी, ओली, फोडलेली, जळलेली. मला विचाराल तर तुमच्या कामाचा विषय हे चार काळे रंग आहेत. हिरवा आणि पिवळा त्यांच्यावरून येतात-जातात. फोटोत मात्र हिरवा-पिवळाच डोळ्यात भरतो, म्हणून तुम्ही त्याच्या मागे गेलात.

यावरून मांडणी सुचते. चौकोन सोडा. उभ्या पट्ट्या करा, डावीकडून उजवीकडे वर्ष सरकू द्या आणि आठवड्याला एक इंच धरा. वर्षाचे ५२ इंच झाले, म्हणजे साडेचार फुटांच्या आतलं काम. शिलाईची दुमड वेगळी धरायची. प्रत्येक पट्टीची रुंदी त्या अवस्थेला मिळालेल्या आठवड्यांइतकी. ऑगस्टचा हिरवा रुंद येईल, कंटाळा येईल इतका रुंद, आणि तो तसाच येऊ द्या. पहिल्या पावसानंतरचा ओला काळा इंच-दीड इंचाचा. तुमच्या बांधावर पळस असेल तर त्याच्या वाट्याला दोन-तीन इंच. चार सारख्या चौकोनांनी प्रत्येक ऋतूला सारखी खुर्ची दिली होती, शेत तसं देत नाही.

आणि या सगळ्या पट्ट्यांमधून एक आडवी रेघ न तुटता जाऊ द्या, जिथे शेत संपतं आणि आभाळ सुरू होतं ती. सगळीकडे एकाच उंचीवर, एकाच दोऱ्याने, पट्ट्या जोडून झाल्यावर एका दमात घातलेली. बांधावर एखादी बाभूळ असेल तर तीही प्रत्येक पट्टीत त्याच उंचीवर यावी. या दोन गोष्टी हलल्या नाहीत की बाकी सगळं हललेलं आपोआप दिसतं. ही रेघ नंतर खालीवर करायचा मोह होतो. करू नका.

काळाचं माप कोणतं, हेही एकदाच ठरवा. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी २०१७ मध्ये जागतिक तापमानाच्या आकड्यांवरून क्रोशाचं एक पांघरूण विणलं, एका वर्षाला एक रंगाची पट्टी. पुढे २०१८ मध्ये त्यांचे सहकारी एड हॉकिन्स यांनी निळ्यापासून लालपर्यंतच्या ज्या पट्ट्या केल्या आणि ज्या जगभर पसरल्या, त्यांना या पांघरुणाने वाट दाखवली. तिथे माप शंभराहून जास्त वर्षांचं आहे, म्हणून झाडं-शेतं काहीच लागत नाहीत, नुसता रंग पुरतो. तुमचं माप एका वर्षाचं आहे. त्यात तुम्ही मधेच ‘आजोबांच्या वेळचं शेत’ घुसवलंत तर दोन मापं एकमेकांवर चढतील. त्या शेताची गोष्ट मोठी आहे हे खरं. सोयाबीन माळव्यात पसरला तो १९७० नंतर. त्याआधी यातल्या पुष्कळशा काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीच घेत. म्हणजे आपल्याला ‘कायमचा’ वाटणारा ऑगस्टचा तो हिरवा एक-दोन पिढ्यांपुरताच जुना आहे. पण ते दुसरं काम. त्याच्यासाठी दुसरं कापड घ्या.

फोटोंचं काय करायचं? सगळे एकदा काळे-पांढरे करून बघा, मोबाइलमध्येच होतं. तुम्हाला कळेल की मार्चचा गहू आणि मेची धूळ जवळजवळ एकाच उजेडाची आहे. रंग काढून घेतल्यावर जे दोन महिने सारखे दिसतात, त्यांना नुसत्या रंगाने वेगळं करता येणार नाही, तिथे पोत बदलावा लागेल. गव्हाला उभे, दाट टाके, मे महिन्याला टाकेच नाहीत, नुसतं उघडं कापड. ही यादी झाली की फोटो बंद करून ठेवा. फोटो समोर ठेवून शिवलं की हात पान-पान, ओंबी-ओंबी करायला लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न महेश्वरच्या हातमागावर फार आधी सुटलेला आहे. महेश्वरी साडीच्या काठावर घाटावरची नर्मदा चितारलेली नसते. ‘लहर’ नावाचा काठ असतो, किल्ल्याच्या बांधकामावरून आलेला ‘ईंट’ असतो, ‘चटाई’ असतो. नदीचं रूप सोडून तिची चाल तेवढी घेतली. पुढच्या वेळी अहिल्या घाटावर गेलात तर देवदर्शनानंतर विणकरांकडे नुसते काठ बघत तासभर बसा. खरेदी केली नाही तरी चालतं, फक्त तेवढं सोपं नसतं.

आता कापड. प्रकार कमी ठेवा: धुतलेला मांजरपाट, जुनी मऊ सुती साडी आणि थोडी मलमल. मलमल फक्त मेच्या आभाळासाठी, दोन थर एकावर एक ठेवले की धूळभरल्या उजेडाचा मळकट पांढरा मिळतो. रेशीम नको, कारण पुढे सांगते.

काळ्यावर मात्र वेळ घालवा. तयार काळं कापड आणू नका. ते एकाच खोलीचं असतं आणि आपल्याला चार हवेत. मांजरपाटातली खळ आधी पूर्ण काढा. धुण्याचा सोडा घालून उकळा, पाणी पिवळट येणं थांबेपर्यंत. मग हिरड्याच्या पुडीत भिजवा, कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के पूड पुरते. सावलीत वाळवा, कापड फिकट पिवळं होईल. दुसरीकडे लोहपाणी तयार ठेवा: गंजके खिळे, नाल, लोखंडाचे तुकडे, गूळ आणि पाणी, झाकण सैल ठेवून मुरायला ठेवायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत तयार होतं, थंडीत जास्त लागतात. गाळून घेतलेल्या या पाण्यात हिरड्याचं कापड बुडवलं की डोळ्यांदेखत राखाडी होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांची ती गाठ. एक बुडी, धुणं, वाळवणं: मेची सुकी जमीन. पुन्हा हिरडा, पुन्हा लोह: ऑक्टोबरची ढेकळं. आणखी एकदा: पहिल्या पावसाची. जळलेल्या नरवाईसाठी मी कापड गोळा करून बांधते आणि मग बुडवते, म्हणजे कुठे धरतं, कुठे धरत नाही. एकाच थानातून, एकाच मडक्यातून चारही काळे निघाल्यामुळे ते एकमेकांचे नातेवाईक दिसतात. दुकानातून चार काळे आणलेत तर ते चार दुकानांचे दिसतील.

यात दोन सावधगिऱ्या. लोह जास्त झालं तर कापड काही वर्षांत कुजकं होतं, बोटाने दाबलं तरी फाटतं. म्हणून बुड्या लहान, काही मिनिटांच्याच ठेवा आणि प्रत्येक बुडीनंतर भरपूर पाण्यात खळखळून धुवा. रेशमाला हे लोह अजिबात सोसत नाही. दुसरं म्हणजे या कामाची भांडी, पळी, गाळणं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही, मग सासूबाई काहीही म्हणोत.

धार जिल्ह्यातल्या बाग या गावची छपाई बघितली असेल तर तिथला काळाही लोहाचाच, गंजलेल्या लोखंडापासून केलेला आणि चिंचोक्याच्या खळीत घट्ट करून ठशाने उमटवलेला. लाल येतो तुरटीच्या जोरावर. आधी कापड हरड्यातून, म्हणजे आपल्याच हिरड्यातून काढलेलं असतं. शेकडो मीटर कापडावर चालतं ते आपण दोन वारांवर करतोय, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही.

पिवळ्याबद्दल तुम्ही टेसूच्या, म्हणजे पळसाच्या फुलांचं विचारलंय. रंग सुंदर येतो, रंगपंचमीला आपण सगळ्यांनीच बघितलाय, पण उजेडात उडतो. हळद त्याहून लवकर. भिंतीवर ऊन येत असेल तर दोन्ही विसरा. डाळिंबाची साल आणि तुरटी (कापडाच्या वजनाच्या साधारण १५ टक्के) यांचा मातकट पिवळा बराच टिकतो, आणि गळणाऱ्या सोयाबीनला शोभतोही तोच. पळसाचा केशरी हवाच असेल तर सरळ पक्क्या रंगाचं तयार कापड घ्या. नैसर्गिक रंगाचा हट्ट धरून दोन वर्षांनी फिकं पडलेलं काम बघत बसण्यात काही पुण्य नाही. खात्री करायची असेल तर रंगवलेल्या तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीला चिकटवा. पुठ्ठा काढल्यावर काय ते समजतं. हिरव्यासाठी नीळ आणि पिवळ्याच्या खटपटीत पडू नका, दोन जुन्या हिरव्या सुती साड्या पुरे.

टाके. तुमच्या दोन चौकोनांत साखळी, गाठी, भरीव, काश्मिरी असे सगळे आहेत, म्हणूनही ते नमुन्याच्या फडक्यासारखे वाटतात. शेतासाठी धावदोरा पुरतो. फक्त त्याची दिशा आणि अंतर बदला. ज्या दिशेने पेरणीच्या ओळी जातात, त्या दिशेने धावदोरा घाला. तीन थरांतून ओढून घातला की कापड चुण्या धरतं आणि दोन ओळींमध्ये उंचवटा येतो, सरीसारखा. गोधडीचं अर्धं सौंदर्य याच चुण्यांत आहे. त्या इस्त्री करून घालवल्यात तर मेहनत पाण्यात. ऑक्टोबरच्या ढेकळांसाठी ओळी मोडा, आखूड टाके, कुठल्याही दिशेने. ऑगस्टच्या हिरव्यावर टाके फार विरळ.

मेच्या भेगा भरतकामाने काढू नका. काळ्या रेघांचं जाळं भरलं की ते जाळंच दिसतं. वरचा राखाडी थर कापा आणि खालचा गडद थर दिसू द्या. खऱ्या भेगा बघाल तर त्या बहुधा तीन-तीन मिळून एका जागी भेटतात आणि जमिनीचे वेडेवाकडे, बहुकोनी तुकडे पाडतात. कापताना ते पाळा. कापड तिरकं कापलं तर कड फारशी विसकटत नाही, उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापलं तर विसकटते. मी मुद्दाम दोन्ही मिसळते, म्हणजे काही भेगा धारदार राहतात आणि काहींच्या कडेला धागे सुटतात.

यात अजून एक गंमत करता येते. खालचा थर कोऱ्या, न धुतलेल्या खादीचा घ्या, वरचा आधीच धुतलेला. दोन्ही एकत्र शिवून झाल्यावर कोमट पाण्यात टाका. खादी आटते, वरचा थर आटत नाही, आणि सगळा पृष्ठभाग आपोआप फुगवटे-खळगे धरतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून भेगा पडतात. कापडाचं उलटं चालतं, ते पाण्यात आकसतं. पण दोन्हीकडे आकार आपण देत नाही, पदार्थ देतो. चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींचं काम इंदुरात ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. वाळकी पानं, काटक्या, साली यांत त्यांना पक्षी-चेहरे दिसत, आणि ते त्या वस्तूला फारसा हात न लावता ते दाखवत. वीतभर तुकड्यावर आधी करून बघा. खादी किती आटते हे दर थानाला बदलतं, आणि मोठं काम एकदम पाण्यात टाकलंत तर ती सरळ आडवी रेघ वाकडी होईल. म्हणून ही मेची पट्टी स्वतंत्र धुऊन, वाळवून, मगच बाकीच्यांना जोडा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: क्षितिजाची रेघ अचल, आठवड्याला एक इंच, एकाच मडक्यातले चार काळे, आणि टाका शेताच्या ओळीने.

राहिला प्लॉटचा प्रश्न, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांत तो मला सगळ्यात आवडला. दाखवा. पण जेसीबी, इमारती, ‘वृक्षतोड थांबवा’ यातलं काहीही भरू नका. कॉलनी कापतात तेव्हा शेतात आधी काय होतं ते आठवा. इंदुरात सुपर कॉरिडॉरकडे, बायपासला, खंडवा रोडला आपण सगळ्यांनी बघितलंय. काळ्या मातीवर मुरूम पडतो. लालसर-पिवळ्या, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या पट्ट्या. घरं दोन-चार वर्षांनी येतात, पण शेत त्याच दिवशी संपलेलं असतं, कारण वर्षभरात त्या जमिनीवर पहिल्यांदाच पिकाच्या ओळीशी संबंध नसलेली रेघ उमटते.

हा मुरमाचा रंग तुमच्याकडे आधीच तयार आहे. तेच लोहपाणी. हिरडा न लावलेला धुतलेला मांजरपाट त्यात भिजवा, हवेवर वाळवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यातून काढा आणि पुन्हा हवेवर ठेवा. कापड गंजाच्या रंगाचं होतं, पिवळट तांबूस, अगदी मुरमासारखं. टॅनिन असेल तर लोह काळं देतं, नसेल तर गंज. म्हणजे शेत आणि प्लॉट एकाच मडक्यातून येतील, फरक फक्त हिरड्याचा. कापड कुजण्याची भीती इथेही तीच, तेव्हा नीट धुवा. या पट्ट्या मशीनवर जोडा, टीप बारीक आणि सरळ, एकही चुणी नको. बाकी सगळं हाताचं असल्यामुळे हा फरक दारातूनही जाणवेल. क्षितिजाची रेघ मात्र इथूनही तशीच, त्याच दोऱ्याने, हातानेच.

हे ५२ इंचांच्या आत बसवू नका. वर्ष तिथे पूर्ण होऊ द्या आणि मुरूम त्रेपन्नाव्या इंचापासून सुरू करा. मागच्या बाजूला वर कापडी नळी शिवून त्यातून लाकडी पट्टी ओवायची असते. ती पट्टी सुरुवातीलाच फूटभर जास्त लांब घ्या आणि उजवी कड बंद न करता कच्चे टाके घालून ठेवा. प्लॉटचं काम सुरू झालं की गच्चीवरून किती आठवडे काय दिसलं ते वहीत टिपत जा आणि तितके इंच जोडत जा. लोहपाण्याचं मडकं आत्ताच लावून टाका, बाकीचं आखून होईपर्यंत ते मुरेल.